अंगणातल्या ओचकारीची पहिली ओंजळ

ती. ताईच्या पायांवर,

धाकट्या भावाचा दोन्ही हातांनी नमस्कार. (उजवा हात मनगटात अजून पुरता वळत नाही, त्यामुळे नमस्कार जरा डावीकडे झुकलेला असेल, तो उद्धटपणा समजू नकोस. का वळत नाही ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, अजून वाजतो का? भावोजींच्या तब्येतीची आणि भावोजींच्या मिशीची मी वेगवेगळी चौकशी करतो, कारण तब्येतीकडे डॉक्टर बघतात, मिशीकडे तुमच्या गावात कुणीच बघत नाही, हे मागच्या फोटोत स्वच्छ दिसलं. इकडे सगळं ठीक आहे. दुकान चाललंय, ही बरी आहे, आणि आई तर इतकी बरी आहे की तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

आता नीट टेकून बस, भावोजींनाही बोलाव आणि पुढचं मोठ्याने वाच. गेल्या गुरुवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या सलूनच्या मागच्या अंगणात, मी स्वतः लावलेल्या ओचकारीच्या काटेरी वेलाची पिकलेली, काळीभोर फळं मी आईच्या ओंजळीत घातली. वेळ दुकानातल्या घड्याळाप्रमाणे आहे. साक्षीला ही होती आणि भिंतीवरून डोकावणारा शेजारचा चष्मेवाला होता. (त्याचं आणि माझं सध्या बोलणं नाही, म्हणून त्याची साक्ष जास्तच भरवशाची.) तेव्हा पैज मी जिंकलो. आई माझ्याकडेच राहणार. तू विसरली नसशीलच, पण भावोजी सोयीस्कर विसरतात, म्हणून पैज पुन्हा सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर आणि आईचं ते मोठं दुखणं सरल्यावर, आपण तुझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आई कुणाकडे राहणार एवढाच प्रश्न होता. तू म्हणालीस, माझ्याकडे मोठं आवार आहे, झाडं आहेत, कुंपणाला तिची आवडती ओचकारी आहे, तुझ्याकडे काय आहे? तीन भिंतींमधला सिमेंटचा तुकडा. त्याला अंगण म्हणू नकोस, तो कोनाडा आहे. आई तिथे बसून बघणार काय, गिऱ्हाइकांचे कापलेले केस? ताई, ते मला लागलं. मी ताडकन म्हणालो की त्याच कोनाड्यात ओचकारी लावून दाखवतो आणि आईला खाऊ घालतो. तू हसलीस. तुझ्या हातून टोपलीतला कांदासुद्धा उगवत नाही म्हणालीस, आणि तीन वर्षांची मुदत दिलीस, तोवर आई माझ्याकडे. तेवढ्या काळात आईच्या ओंजळीत माझ्या अंगणातली फळं पडली तर ती माझी, नाहीतर तू येऊन घेऊन जाणार. आई समोरच चहात बिस्किट बुडवत बसली होती. तिला आपण दोघांनीही काही विचारलं नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

तर मी तुझ्याच कुंपणावरून वेल नेला. (तू दिलास असं तू सांगतेस. मी मागितला आणि तू 'ने, मरेल' म्हणालीस, ह्याला देणं म्हणत नाहीत.) ओचकारीची एक खोड मला आवडते, ती माझ्यासारखीच आहे. उंच जायची महत्त्वाकांक्षा नाही, जमिनीवरून सरपटत जायचं, आणि शेंडा जिथे मातीला टेकेल तिथे मुळं धरून बसायचं. असे मुळं धरलेले तीन शेंडे मी दुकानाच्या ओल्या टॉवेलात गुंडाळून बसने निघालो. टॉवेल गिऱ्हाइकाच्या मानेसाठी असतो, काट्यांसाठी नाही. दुसऱ्या थांब्यापर्यंत एक वेल बाहेर आला आणि पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या स्वेटरला धरून बसला. आपण लहानपणी वीटभट्टीमागच्या उतारावर ही फळं तोडायला जायचो तेव्हा तुझी वेणी नाही का अशीच अडकायची, आणि आई 'आली ओचकारी ओचकारून' म्हणून आपल्या दोघांच्या पोटऱ्यांना तेल लावायची? तसंच. ओढावं तितका काटा आत जातो. ते गृहस्थ उतरायच्या ठिकाणी उतरले, तेव्हा मलाही उतरावं लागलं. फुटपाथवर मी खिशातली कात्री काढून त्यांना सोडवलं, आणि कात्री हातात होतीच तर कानावरचे वाढलेले केसही जरा नीट केले. माणूस शांत होता. शहराच्या बागेत तीस वर्षं मुख्य माळी म्हणून काम केलेला, नुकताच निवृत्त झालेला. तेव्हापासून दर महिन्याला तो माझ्या खुर्चीत बसतो. ह्या माळ्याला लक्षात ठेव.

अंगणात नळाजवळ सिमेंट फुटलं होतं. ते आणखी फोडून मी हातभर रुंद पट्टा मोकळा केला, माती आणून भरली आणि तीनही शेंडे लावले. ऊन कमी पडतं हे तुझं म्हणणं खरं होतं. (बघ, मान्य करतो. जिंकलेल्या माणसाला मन मोठं ठेवता येतं.) पण माझ्याकडे काय नाही? आरसे. दुकानातला जुना मोठा आरसा मी समोरच्या भिंतीवर असा तिरका बसवला की सकाळी अकरा ते दुपारी दोन ऊन बरोबर वेलावर पडायला लागलं. त्यातलं थोडं चष्मेवाल्याच्या खिडकीतून आत, डोळे तपासायच्या खोलीत जाई, आणि भिंतीवरची अक्षरं कुणालाच वाचता येईनात. महिनाभर त्याने आलेल्या प्रत्येकाला चष्मा दिला. मग एकदा त्याच्या सासऱ्यांनाही दिला, ज्यांची नजर घारीसारखी आहे, तेव्हा भानगड उघडकीला आली आणि आमचं बोलणं बंद झालं. आरसा मी दोन बोटं सरकवला. आईला मात्र त्या आरशात बसल्या जागी आभाळ दिसतं, म्हणून तो काढला नाही.

आणि खत कशाचं घातलं असेल? केसांचं. कापलेल्या केसांचं. सगळ्या जगाचे केस माझ्या दुकानात पडतात, ते झाडून मी वेलाच्या बुडाशी पसरायला लागलो. तू म्हणालीस ना आई केस बघत बसेल, तर बसली बघत, आणि त्या केसांतून वेल असा फोफावला की दोन महिन्यांत नळ दिसेना. थंडी आली तेव्हा त्याने अंगणभर हातपाय पसरले होते, काही फांद्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत. आता तू मला ओळखतेस. चाळीस वर्षं मी कात्री चालवतोय. अस्ताव्यस्त वाढलेलं काही दिसलं की माझा अंगठा आपोआप हलायला लागतो. मी फांद्या मुळापासून हातभर ठेवून सगळ्या कापल्या, बाजू बारीक केल्या, वरून कंगवा फिरवल्यासारखं सरळ केलं. इतकी सुबक ओचकारी तू बघितली नसशील. आई दारात बसून काहीतरी म्हणत होती, पण कात्री चालू असली की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एकही फूल आलं नाही. मी म्हटलं, लहान आहे, येईल. केसांचा हप्ता वाढवला. वेल दुप्पट वाढला, पानं हिरवीगार, मी पुन्हा थंडीत झकास कापला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही फूल नाही. तू पत्रात एका ओळीत विचारलंस, किती फळं? मी दोन पानं लिहिली होती आणि त्यात पानांच्या रंगाचं वर्णन होतं, आठवतं? पाला वाळवून त्याचा चहा केला, तो घशाला चांगला असतो म्हणतात, पण पैज चहाची नव्हती. ते दिवस वाईट गेले, ताई. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी अंगणात जायचो, आई तिथे बसलेली असायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही. पुढच्या वर्षी आई इथे नसेल, एवढंच डोक्यात यायचं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकान बंद असतं तेव्हा, मी तिचे केस कापतो, अंगणातल्या जुन्या फिरत्या खुर्चीत बसवून. तेव्हासुद्धा मी मुद्दाम हळू कापायला लागलो होतो.

माझं हे सगळं दुःख मी त्या माळ्याला दर महिन्याला सांगत होतो. तीस वर्षं झाडं सांभाळलेला माणूस समोर बसलेला, आणि मी त्याला ओचकारी म्हणजे काय इथपासून शिकवत होतो. तो अधूनमधून हात वर करायचा. मला वाटायचं, फेस डोळ्यात गेला. मी पुसायचो आणि पुढे चालू. माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बोलत नाही, मी बोलतो, ही दुकानाची रीत बाबांपासूनची आहे.

मागच्या थंडीत तिसऱ्यांदा कापायची वेळ आली. ह्या वेळी वेल इतका पसरला होता की खाली वाकून जमेना, म्हणून मी ती जुनी फिरती खुर्चीच वेलाजवळ ओढली आणि तिच्यावर गुडघे टेकून कात्री लांब केली. फिरती खुर्ची फिरते, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. तिने मला अर्धा फेरा दिला आणि थेट ओचकारीत नेऊन ठेवलं. मनगट मोडलं, कान ओचकारला गेला, आणि मला बाहेर काढायला हिने आणि चष्मेवाल्याने मिळून वीस मिनिटं घेतली. (तेव्हा तो बोलला. 'हलू नका' म्हणाला. ते मी मोजत नाही.) सहा आठवडे प्लास्टर. पडलो तरी नाक वर, म्हणून मी पलंगावरून सूचना देत होतो, पण वेल कापायला कुणी तयार होईना. ही म्हणाली, मला दुकान बघायचंय.

आणि हिने दुकान बघितलं. एवढी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून हिचा हात चांगलाच तयार झालाय. गिऱ्हाइकं वाढली, त्याचं कारण ही बोलत नाही असं लोक म्हणतात, मी त्यात पडत नाही. तर माळी आला, हिच्यासमोर बसला, दुकानात शांतता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला वाक्य पूर्ण करायला मिळालं. तो म्हणाला, वहिनी, त्यांना सांगा, ह्या वेलाला फळ मागच्या वर्षीच्या फांदीलाच येतं. नवी फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळ देते आणि मग वाळते. वाळलेली तेवढीच कापायची. ते दर थंडीत पुढच्या वर्षीची सगळी फळं कापून टाकतात. ही आत येऊन मला सांगायला लागली, आणि सांगताना हिला हसू आवरेना. मी माळ्याला बोलावून विचारलं, दोन वर्षं तोंडात मूग धरून का बसलात? तो म्हणाला, मूग कुठले, साबण होता.

असो. तेव्हा ह्या वर्षी मी वेल कापला नाही. तू म्हणशील हात प्लास्टरमध्ये होता. पण प्लास्टर थंडी संपायच्या आत निघालं होतं, कात्री खुंटीला होती, मला कुणी अडवलं नव्हतं. रोज तो पसारा बघत, हात खिशात घालून मी उभा राहिलो. चाळीस वर्षं कापण्यात नाव कमावलेल्या माणसाने न कापून दाखवणं, ह्याला काय लागतं ते तुला कळायचं नाही. उन्हाळा लागला आणि जुन्या फांद्यांवर पांढरी फुलं आली, पाच पाकळ्यांची. मग हिरव्या गाठी, मग लाल. लाल झालं की तोडायचं नाही, काळं होऊन बोट लावताच हातात आलं तरच घ्यायचं, हे आईने सांगितलं आणि ह्या वेळी मी ऐकलं. पक्षी येऊ नयेत म्हणून गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायच्या चादरी वेलावर बांधल्या, मानेपाशी बांधतो तशाच.

पहिल्या तोडणीला एकेचाळीस फळं निघाली. त्यातली बारा पक्ष्यांनी नेली. उरलेली एकोणतीस मी धुऊन आईच्या ओंजळीत घातली. तिने एक तोंडात टाकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, ही माझ्या तोंडाकडे, चष्मेवाला तिघांकडे. आई म्हणाली, आंबट आहे. आणि मग एकापाठोपाठ आणखी दहा खाल्ली, बिया चावत, बोटं जांभळी करत. जी बाई महिनोन्‌महिने दोन घासांवर उठते तिने अकरा खाल्ली, ताई. मला भरून आलं आणि मी टॉवेलाने तोंड पुसलं. उरलेल्या अठरांचा साखर घालून मुरांबा केला. आई खुर्चीत बसून सांगत होती आणि मी ढवळत होतो. तो पुरावा म्हणून ह्या पत्राबरोबर पाठवतोय. बरणी मोठी दिसली तरी तळाशी बघ, दोन चमचे आहे. एक तुझा, एक भावोजींचा.

तर ताई, तू मोठी आहेस, वडीलकीने मला माफ कर, पण जिंकलो ते जिंकलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणाली होतीस. अंगण वाकडंच आहे, आणि नाचून दाखवलं.

तुझा,
हातावर चौदा ओरखडे आणि नाक वर असलेला भाऊ

ता. क. — मुरांब्याला शेव्हिंग क्रीमचा वास आला तर तो बरणीचा दोष आहे. तीन वेळा धुतली होती. भावोजींना वास आवडेल.

ता. क. २ — तुझ्याशी खोटं बोलवत नाही. बारा फळं पक्ष्यांनी नेली नाहीत, चादरी इतक्या घट्ट होत्या की मुंगीही आत गेली नसती. ती मी नेली. रस इतका गडद होता की मिशीला लावून बघावा वाटलं, जमलं तर भावोजींच्या मिशीची सोय होईल ह्या चांगल्या हेतूने. चार दिवस झाले, मिशी जांभळी आहे. गिऱ्हाइकं विचारत नाहीत, पण हसतात. आणि आणखी एक. पहिल्या थंडीत मी वेल कापत होतो तेव्हा आई काय म्हणत होती ते मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली होती, अरे, जुन्या फांद्या ठेव, फळं त्यांनाच येतात. आणि मी म्हणालो होतो, आई, कापण्यातलं मला शिकवू नकोस. त्यानंतर ती ह्या विषयावर बोलली नाही. हे हिलासुद्धा माहीत नाही, पत्र मोठ्याने वाचत असलीस तर हे मनात वाच.

ता. क. ३ — खरं सांगायचं ते राहूनच गेलं. गुरुवारी फळं खाऊन झाल्यावर आईने हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाली, पोटमाळ्यावरची माझी पिशवी काढून दे, मला ताईकडे जायचंय. मला वाटलं ती गोंधळली. मी समजावलं की आई, मी जिंकलो, आता तुला कुठे जावं लागणार नाही. ती म्हणाली, तेच म्हणते मी, जिंकलास ना, आता मला जाता येईल. तू हरलेला असताना कशी गेले असते? मी गेले म्हणजे तू हरलास असं तुम्ही दोघांनी ठरवून ठेवलेलं, मला विचारलं होतं का कुणी? तिला पहिल्या वर्षापासून तुझ्याकडे येऊन राहायचं होतं, ताई. तुझ्या कुंपणाजवळ बसायचं होतं. तीन वर्षं ती कोनाड्यात आरशातलं आभाळ बघत बसली, माझ्या वेलाला फळ येईपर्यंत. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या जिंकण्यासाठी कुणीतरी तीन वर्षं थांबलं, ह्याचा अभिमानही वाटला, आणि तो मी कुणाला काढून घेऊ देणार नाही.

ता. क. ४ — तेव्हा येत्या रविवारी येऊन तिला घेऊन जा. 'थोडे दिवस' असं ती म्हणते, म्हणजे किती ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. येताना तोंड हरल्यासारखं ठेव, निदान चष्मेवाला बघत असेल तेवढा वेळ. आणि एक मागणं आहे, त्यासाठीच खरं तर एवढं लिहिलं. तिचे केस मऊ झालेत आणि मानेवर लवकर वाढतात, वाढले की तिला टोचतात, पण ती सांगत नाही. ते तुमच्याकडच्या कुणाच्या हातात देऊ नकोस. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सकाळच्या बसने येईन. कुंपणाजवळ एक खुर्ची ठेव, न फिरणारी. कात्री मी आणीन, आणि तुझ्या वेलाला हात लावणार नाही.